वकिलीची वेबसाइट: पाटी किती मोठी लावायची?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतोय:

"सर, मी पाटण तालुका कोर्टात सहा वर्षं प्रॅक्टिस करतेय. साडेचार वर्षं सीनियरांकडे होते, आता दीड वर्ष झालं स्वतःचं ऑफिस आहे. कामं येतात ती ओळखीतूनच. भाडं आणि टायपिस्टचे पैसे सुटतात, त्याच्या वर फार काही नाही. एका डिजिटल मार्केटिंगवाल्याने पॅकेज दिलंय, वेबसाइट, ब्लॉग आणि गुगलवर पहिला नंबर, सुरुवातीला ३५ हजार आणि नंतर महिना ८ हजार. माझा एक बॅचमेट रील्स करतो, त्याचं नाव झालंय. सीनियर म्हणतात वेबसाइट काढलीस तर वकिलीची सनद जाईल. मिस्टर म्हणतात काळ बदललाय, कर बिनधास्त. मी नक्की कुणाचं ऐकू? – एक गोंधळलेली वकील, पाटण"

वकील मॅडम, तू मला पत्रात सर म्हटलंस आणि मी दिवाणी कोर्टात २२ वर्षं काढलीत, त्यामुळे सरळ अगं-तुगंवर येतो, राग मानू नकोस.

सनद जात नाही. आधी एवढं सांगून टाकतो म्हणजे आज रात्री झोप लागेल. पण तुझे सीनियर अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, ते फक्त २००८ च्या आधीचं बोलतायत. बार काउन्सिलचा नियम ३६ आपण सगळ्यांनी कॉलेजात परीक्षेपुरता वाचलेला असतो आणि मग विसरलेला असतो, तो एकदा शांतपणे परत काढून वाच. वकिलाने काम मागायला जायचं नाही, जाहिरात करायची नाही, सर्क्युलर नाही, दलाल नाही, स्वतःच्या केसच्या बातमीसोबत फोटो छापून आणायचा नाही, आणि पाटी "वाजवी आकाराची" हवी. त्या पाटीवर मी अमुक कामातला स्पेशालिस्ट असंही लिहायचं नाही. २००८ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वेबसाइटला दार उघडलं, पण दार म्हणजे फटच म्हण. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद नंबर आणि तारीख, कुठल्या राज्याच्या बार काउन्सिलला नोंद झाली, कुठल्या बार असोसिएशनचे मेंबर, शिक्षण, आणि कुठल्या प्रकारची कामं करता. बास. ही माहिती बार काउन्सिलला कळवून द्यायची असंही त्यात आहे, आणि याच्यापेक्षा जास्त काही त्या पानावर घातलं तर तो नियमाचा भंग. गंमत बघ, ऑफिसच्या पाटीवर "जमीन महसूल" लिहिता येत नाही पण वेबसाइटवर कामाचं क्षेत्र म्हणून लिहिता येतं. असो, नियम आपण केलेला नाही.

तुला हे एवढं कडक का वाटतं ते कळतं मला, पण यामागे आपल्याच मुंबईचा एक किस्सा आहे. एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहायचे, आरोपीचे नातेवाईक आले की त्यांच्यावर धावून जायचे, कागद ओढायचे, एकमेकांपेक्षा कमी फीचे आकडे ओरडायचे, कधी कधी धक्काबुक्की. महाराष्ट्र बार काउन्सिलने कारवाई केली आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं, दाभोळकर खटला म्हणून आपण शिकलो तेच. १९७५ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथे वकिली म्हणजे धंदा नव्हे आणि ब्रीफ, म्हणजे पक्षकाराने सोपवलेलं काम, हा विकायचा माल नव्हे असं सुनावलं. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला एस.टी. स्टँडवरचे वडापवाले आठवले होते. "सातारा सातारा सातारा, एकच सीट". आता तुझ्या पॅकेजवाल्याचं ते "गुगलवर पहिला नंबर" परत वाच आणि सांग फरक कुठे आहे.

आणि हे जुनं झालं असं समजू नकोस. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन पोर्टलवरून कामं मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करा म्हणून बार काउन्सिलला सांगितलं, म्हणजे जिथे प्लंबर, पेस्ट कंट्रोल आणि वकील एकाच यादीत रेटिंगसकट दिसतात ती पोर्टल्स. मग मार्च २०२५ मध्ये बार काउन्सिल ऑफ इंडियाने परत पत्रक काढलं, त्यात सोशल मीडियावरची प्रसिद्धी, प्रमोशनचे व्हिडिओ, इन्फ्लुएन्सर वापरणं या सगळ्यावर बोट ठेवलं. तुझ्या बॅचमेटला हे पत्रक पाठव, मित्र म्हणून पाठव. तो रील्समध्ये बँड आणि गाऊन घालून कोर्टाच्या आवाराबाहेर उभा राहत असेल तर त्याला हेही सांग की बँड-गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचा नाही असा वेगळा नियमच आहे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली समज देण्यापासून सनद काढण्यापर्यंत सगळं बसतं. त्याचं लगेच काही होईल असं मी म्हणत नाही, आपल्याकडे तक्रारी किती वर्षं चालतात ते तुलाही माहितीये आणि मलाही. पण तालुक्याच्या ठिकाणी तक्रार करणारा माणूस नेहमी समोरच्या बाकावर बसलेला असतो.

आता पॅकेजचा हिशोब. ३५ हजार अधिक बारा महिन्यांचे ८-८ हजार, म्हणजे पहिल्या वर्षाला एक लाख एकतीस हजार. पाटणला एवढ्यात तुझं किती महिन्यांचं भाडं निघतं ते तूच बघ. आणि त्या बदल्यात काय येतं हे मला माहितीये कारण मी एकदा असं पॅकेज घेतलंय, सात-आठ वर्षांपूर्वी, कुणाचं ते सांगत नाही. होमपेजवर लाकडी हातोडा. आपल्या कोर्टात कुठल्या जज्जसाहेबांना हातोडा आपटताना पाहिलंयस का गं? त्याच्या शेजारी डोळ्यावर पट्टी बांधलेली बाई, जिची पट्टी आता सुप्रीम कोर्टातल्या २०२४ च्या नव्या मूर्तीत काढूनही टाकली. खाली इंग्रजीत "आम्ही तुमच्यासाठी लढतो". आणि ब्लॉग म्हणून दहा लेख, त्यातला जमिनीच्या वाटपावरचा उघडला तर त्यात खसरा, खतौनी आणि पटवारी! उत्तरेकडचं कुठलं तरी उचलून मराठी केलेलं. मी फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, सर गुगलला काय कळतंय. गुगलला कळत नसेल रे, पण माझ्याकडे येणाऱ्या माणसाला सातबारा आणि खतौनीतला फरक बाळंतघुटीतून कळतो. वर डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्यांनी त्यांच्या स्वतःच्या नावावर घेतलेलं, मी महिन्याचे पैसे थांबवले तशी साइट बंद आणि माझ्या नावाचं डोमेन अजून मला परत मिळालेलं नाही. म्हणून एक गोष्ट आत्ताच कर, कुणाशी काहीही ठरवायच्या आधी स्वतःच्या नावाचं डोमेन स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने घेऊन टाक, वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च आहे, आणि रिन्यूअलची तारीख डायरीत लिही. कोर्टाच्या तारखा लिहितेस त्याच डायरीत.

हे पॅकेजवाले अमेरिकेतल्या वकिलांच्या साइट दाखवतात हे पण लक्षात ठेव. तिथे त्यांच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७७ च्या बेट्स निकालानंतर वकिलाला जाहिरात करता येते, हायवेवर बोर्ड लावतात, "केस जिंकली तरच फी" असं सांगतात. आपल्याकडे निकालावर ठरणारी फी घेणं हाच गैरवर्तनाचा प्रकार आहे. त्यामुळे तिथलं डिझाइन उचलून इथे चिकटवणारा माणूस तुला खड्ड्यात घालतोय आणि त्याला ते माहितीही नसतं, त्याची काही चूक नाही, त्याने काल एका सलूनची साइट केली होती.

मग ब्लॉगचा उपयोग नाहीच का? आहे ना. पण तो कुणासाठी आहे हे ओळखायला मला तीन वर्षं गेली, तुला फुकट सांगतो.

तुझ्या गावातला माणूस वकील गुगलवर शोधत नाही. तो सरपंचाला विचारतो, पतसंस्थेच्या मॅनेजरला विचारतो, कोर्टासमोरच्या चहावाल्याला विचारतो, आणि खरं सांगायचं तर कोर्टातल्या कारकुनाला विचारतो. त्याच्यासाठी तुझी पाटी आणि तुझं तोंड पुरेसं आहे. शोधतो तो मुंबईचा पुतण्या. पाटण खोऱ्यातली किती घरं अशी आहेत की जमीन इथे, चुलता इथे आणि बाकी सगळे वाशीच्या मार्केटला माथाडी, नाहीतर घाटकोपरला, नाहीतर आता तिसरी पिढी पुण्यात आयटीत. गणपतीला येतात, चार दिवसांत चुलत्याशी भांडण होतं, सातबाऱ्यावर बघतात तर आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी वारसनोंदच नाही, किंवा आहे पण आत्याची नावं गायब, आणि परत जाताना एस.टी.त बसल्या बसल्या मोबाइलवर टाइप करतात. काय टाइप करतात? "आजोबांच्या जमिनीत नातवाचा हक्क". "चुलता वाटप देत नाही काय करावे". "बहिणीची सही न घेता जमीन विकली". अशाच शब्दांत, कधी मराठीत, कधी इंग्रजी अक्षरात मराठी, कधी नुसतं बोलून. त्या माणसाचा पाटणच्या चहावाल्याशी संबंध तुटलाय. त्याचा चहावाला म्हणजे गुगल. तुझा ब्लॉग या एका माणसासाठी लिही.

माझ्याकडे ब्लॉगवरून आलेला पहिला माणूस मला अजून दिसतो डोळ्यासमोर. सोमवार होता, बाजाराचा दिवस, ऑफिसात गर्दी. पन्नाशीचा माणूस, हातात प्लास्टिकची पिशवी, आत सातबारे, फेरफार, आणि माझीच पोस्ट झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढलेली, चार पानं, लाल पेनने ओळी मारलेल्या. तो खुर्चीवर बसला नाही आधी. प्रिंट माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, साहेब हे तुम्हीच लिवलंय का? म्हटलं हो. मग हे बघा, असं म्हणून त्याने तिसऱ्या पानावर बोट ठेवलं, इथं तुम्ही म्हणलाय कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी वाटप कलेक्टरकडून होतं, तर आमचा हुकूमनामा सहा वर्षांपूर्वीच झालाय आणि आमच्या वकिलांनी सांगितलं केस संपली. सहा वर्षं तो हुकूमनामा लॅमिनेट करून घरात ठेवून बसला होता! शेतसारा भरणाऱ्या जमिनीचं वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरमार्फत होतं, कागद तिकडे जावे लागतात, मग मोजणी, मग ताबा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला हे इतकं रोजचं आहे की कुणाला माहीत नसेल असं डोक्यातच येत नाही. पोस्ट लिहायची ती इथे. जे तुला सांगावंसं वाटत नाही कारण ते "सगळ्यांना माहितीये".

पोस्टचे विषय शोधत बसू नकोस. टेबलावर एक वही ठेव आणि महिनाभर, समोर बसलेल्याने जो पहिला प्रश्न विचारला तो त्याच्याच शब्दांत लिहून ठेव, कायद्याच्या शब्दांत नाही. महिन्याच्या शेवटी तीस प्रश्न होतील, त्यातले दहा एकच असतील. जो दहा वेळा आला तो प्रश्न म्हणजे तुझी पहिली पोस्ट. मी पैज लावतो की तो बहिणींच्या हिश्शाचा असेल. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती, मग सुप्रीम कोर्टाचा विनीता शर्मा खटल्यातला ११ ऑगस्ट २०२० चा निकाल, की वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, मुलीचा हक्क जन्मापासूनचा, फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटपं उकरता येत नाहीत. हे तू भावाच्या बाजूनेही लिही आणि बहिणीच्या बाजूनेही. आणि त्यात ते वाक्य नक्की घाल जे ऑफिसात आपण सगळे सांगतो, की हक्कसोडपत्र नोंदवलेलं असेल तर "मला वाचता येत नव्हतं" एवढ्यावर ते सहज उडत नाही, फसवणूक झाली असेल तर कळल्यापासून तीन वर्षांत कोर्टात यावं लागतं. आमच्या ताईने वीस वर्षांपूर्वी सही दिली, आता जमिनीचे भाव वाढलेत तर रद्द होईल का, हा प्रश्न घेऊन येणारी निम्मी माणसं अशी पोस्ट वाचून घरीच थांबतील. थांबू देत. तुला वाटेल गिऱ्हाईक गेलं, पण ज्या केसमध्ये काही नाही ती केस तुझे दोन तास खाते, फी देताना कुरकुरते आणि हरल्यावर गावभर तुझं नाव घेते. ब्लॉगचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच, आत येणारी माणसं अर्धी तयार होऊन येतात आणि ज्यांनी यायला नको ती येत नाहीत.

शब्द लोकांचे वापर. तलाठ्याचं नाव आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण शोधणारा तलाठीच शोधतो. "कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्ती" असं शीर्षक दिलंस तर ते फक्त मी वाचीन. "सातबाऱ्यावर नाव चुकलंय, दुरुस्त कसं करायचं" असं दे, आत जमीन महसूल अधिनियमाचं १५५ येऊ दे, आणि १५५ मध्ये फक्त लिहिताना झालेली चूक दुरुस्त होते, मालकीचा वाद त्यात मिटत नाही हेही सांग. त्याच कायद्याच्या कलम ८५ चा वाटपाचा अर्ज सगळे सहहिस्सेदार तयार असतील तरच कामाचा, नाहीतर दावा. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, आणि मग एक महिन्यात फिर्याद. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. हो, हे पण लिही! मोफत वकील मिळतो हे सांगणाऱ्या वकिलावर लोक जास्त विश्वास ठेवतात, मी अनुभवाने सांगतोय.

प्रत्येक पोस्टच्या खाली "अधिक माहितीसाठी आजच संपर्क करा" आणि फोन नंबर टाकायचा मोह होईल. टाकू नकोस. माझा हिशोब असा आहे आणि मी त्यावर चाललोय: माहितीचं पान एक, त्यात फक्त बार काउन्सिलने सांगितलेल्या गोष्टी, ना फी, ना "अनुभवी", ना "यशस्वी", ना क्लायंटचे अभिप्राय. आणि लेख वेगळे, ज्यात शेवटी कुठलंही बोलावणं नाही, जसे वकील मंडळी पेपरात कायद्याचं सदर लिहितात तसे. ज्याला यायचंय तो नाव बघून येतो, त्याला पत्ता शोधता येतो, तो एवढं सगळं शोधून तर आलाय. पैसे भरून वर दिसणारी जाहिरात अजिबात नाही. गुगल मॅपवर ऑफिसचं ठिकाण, वेळ आणि फोन असू दे, पण नावाच्या पुढे "बेस्ट वकील पाटण" वगैरे चिकटवायचं नाही आणि पक्षकाराला पाच स्टार दे म्हणून सांगायचं नाही. आणि पोस्ट लिहिली की पाचशे जणांच्या ब्रॉडकास्ट लिस्टला ढकलायची नाही. नियमात सर्क्युलर हा शब्द आहेच, व्हॉट्सअ‍ॅपचं ब्रॉडकास्ट हे सर्क्युलर नाही तर दुसरं काय? लोक आपणहून भावकीच्या ग्रुपवर टाकतात ते टाकू देत.

भावकीच्या ग्रुपवरून आठवलं, आणि हे सांगायला मला अजून लाज वाटते. ब्लॉग सुरू करून वर्ष-दीड वर्ष झालं होतं, चार लोक बाररूममध्ये "छान लिहिता" म्हणायला लागले होते, आणि माझ्या डोक्यात जरा हवा गेली. एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तीन भावांचा दावा होता माझ्याकडे. मी त्यावर लिहिलं. नावं बदलली, गाव बदललं, तालुका बदलला. पण विहिरीवर तीन मोटारी आहेत आणि मधला भाऊ कंडक्टर आहे हे तसंच ठेवलं, कारण त्यानेच गोष्टीला मजा येत होती. दहा-बारा दिवसांनी मोठा भाऊ आला, माझाच पक्षकार. फोन काढला, माझी पोस्ट उघडली, फोन टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि एवढंच म्हणाला, "वकील साहेब, विहीर आमचीच ना?" त्याच्या मेव्हण्याने ग्रुपवर टाकली होती. मी काय बोललो ते आठवत नाही. पोस्ट रात्रीच काढली. त्याने वकीलपत्र काढून नेलं नाही, दावा शेवटपर्यंत माझ्याकडेच चालवला, पण त्यानंतर दर वेळी तो आत आला की आधी दार लोटून घ्यायचा.

पक्षकाराचं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही हे पुराव्याच्या कायद्यातच आहे, पूर्वी १२६, आता नव्या अधिनियमात १३२, पण कलमाचं सोड. तालुका एवढासा असतो. उदाहरण द्यायचंच तर ते पूर्ण रचलेलं दे आणि रचलेलं आहे असं लिही, "समजा रामरावांना दोन मुलं आणि एक मुलगी" असं, परीक्षेच्या पेपरात असतं तसं, रटाळ वाटलं तरी चालेल. चालू केसबद्दल, आपल्याला मिळालेल्या ऑर्डरबद्दल, आज कोर्टात काय झालं याबद्दल एक अक्षर नाही.

जुन्या पोस्ट हा दुसरा खड्डा. १ जुलै २०२४ ला दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, त्या एका दिवसात माझ्या चाळीसेक पोस्ट खोट्या झाल्या. फसवणुकीच्या ४२० चं ३१८ झालं, सासरच्या छळाच्या ४९८-अ चं ८५, आणि त्याच दिवशी फौजदारी प्रक्रिया संहिताही बदलली, तिच्यात पोटगीचं १२५ होतं ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४. लोक अजून १२५ च म्हणतात, म्हणून दोन्ही आकडे लिहावे लागतात. मग त्याच वर्षी ऑक्टोबरात शंभर-दोनशेच्या स्टॅम्पवर होणारी कितीतरी कामं पाचशेवर गेली आणि माझ्या जुन्या पोस्टी वाचून लोक शंभरचा स्टॅम्प घेऊन यायला लागले. एका आजोबांनी मला विचारलं, मग लिवलंय कशाला? बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून प्रत्येक पोस्टच्या वर पहिल्या ओळीत "ही माहिती अमुक महिन्यापर्यंतची" असं असतं, आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी सगळ्या पोस्ट एकदा वाचून काढतो. शंभर पोस्ट लिहून मोकळं सोडण्यापेक्षा पंधरा लिही आणि त्या ताज्या ठेव.

आणि टायपिंग. हसू नकोस, यातच बहुतेक वकिलांचं घोडं अडतं. तुझा टायपिस्ट श्रीलिपीत किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करत असणार, अर्ज-दाव्यांना ते चालतं कारण शेवटी प्रिंटच काढायची असते. तेच उचलून वेबसाइटवर टाकलंस की "fj" सारखी गिचमिड इंग्रजी अक्षरं दिसतात आणि गुगलला ते शोधताच येत नाही. एका वकील मित्राने यावर तोडगा म्हणून लेखांचे फोटो काढून साइटवर चढवले, म्हणजे वाचणाऱ्याला दिसतंय पण शोधणाऱ्याला ते नाहीच. युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर मराठी उमटते त्या पद्धतीनेच, लिही. फोनवर बोलून टाइप केलंस तरी बऱ्यापैकी येतं, मी हे पत्रही निम्मं तसंच लिहिलंय, फक्त "हुकूमनामा" ला ते कायम "हुकूम नामा" करतं. आणि एआयकडून लिहून घेऊ का असं विचारणार असशील तर, शुद्धलेखन बघायला दे, पण कलम आणि निकाल स्वतः उघडून वाचल्याशिवाय एकही टाकू नकोस, ते निकालांची नावं छातीठोकपणे रचतं, आणि खाली सनद नंबर तुझा असतो, त्याचा नाही.

ब्लॉग वाचून फोन येतील ते मुख्यतः फुकट सल्ल्यासाठी येतील, रात्री साडेनऊला येतील, आणि "फक्त दोनच मिनिटं" म्हणून येतील. त्यांना एकच वाक्य ठरवून ठेव: कागद बघितल्याशिवाय मी सांगत नाही, कागद घेऊन या, बसायची फी एवढी. मुंबईवरून यायला जमत नाही म्हणणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर वेळ दे, पण कागद आधी मागव. फीचा आकडा साइटवर नाही, फोनवर. सुरुवातीला जड जातं हे सांगायला, विशेषतः आपल्याकडे बाई वकिलाला लोक "ताई जरा सांगा की" म्हणून अर्धा तास काढतात, मला ते तुझ्याइतकं भोगावं लागलं नाही हे मान्य आहे. तरी सांगायचं.

वाट किती बघायची? माझ्याकडे पहिले अकरा महिने ब्लॉगवरून एकही माणूस आला नव्हता. एकही. बायको म्हणायची, रविवारची भाजी तरी आणत जा. तेव्हा पाटणच्या ओळखींवरचं काम सोडू नकोस, सीनियरांकडे जाणं-येणं ठेव, आणि रविवारी सकाळी दोन तास फक्त यासाठी. त्या पॅकेजवाल्याला नम्रपणे नाही म्हण, आणि ओळखीतला कुठला इंजिनिअरिंगचा मुलगा असेल तर त्याला चार-पाच हजार देऊन साधी, मोबाइलवर पटकन उघडणारी साइट करून घे, पासवर्ड सगळे तुझ्याकडे. सीनियरांना नियम ३६ ची दुरुस्ती प्रिंट काढून दाखव, मोबाइलवर नको, त्यांच्या पिढीला कागद लागतो. आणि माहितीचं पान तयार झालं की लाइव्ह करायच्या आधी त्यांनाच वाचायला दे. ते दोन चुका काढतील, त्या बरोबर असतील, आणि पुढे कुणी बाररूममध्ये विषय काढला तर "मी बघितलंय ते पान" असं म्हणणारा माणूस तुझ्या बाजूला असेल.

बहिणींच्या हिश्शाची पोस्ट लिहून झाली की मला पाठव, वाचून सांगतो. फक्त श्रीलिपीत पाठवू नकोस.